थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोजागरीला निधी उभा करायचा आहे, सुरुवात कशी करावी?

मावशी, सुदामानगर (इंदूर)

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या नऊ वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसे निरोगी रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार) आहे आणि दर अठरा-वीस दिवसांनी त्याला रक्त चढवावे लागते. बहिणीला रजा मिळत नाही तेव्हा त्याच्यासोबत मी जाते. रक्त चढायला तीन-चार तास लागतात, त्यामुळे त्या खोलीतल्या बाकीच्या आयांशी आता चांगल्या ओळखी झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणी देवास, धार, खरगोन इकडून पहाटेच्या बसने येतात. गेल्या खेपेला मी सकाळी भाच्यासाठी पेल्यातल्या पाण्यात, रक्त चढवल्याने साठणारे लोह उतरवणारी गोळी विरघळवत होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "आमची पट्टी महिनाभर पुरवायची असते, म्हणून मी एक दिवसाआड देते." असे करून चालत नाही हे तिला माहीत होते. तिने मला ते सांगितले, विचारले नाही. त्या दिवसापासून हे काही केल्या मनातून जात नाही.

आपल्या शहरात या मुलांसाठी काम करणारी एक नोंदणीकृत संस्था आहे. तिच्यासाठी येत्या कोजागरीला एक कार्यक्रम करावा, असे आमच्या भिशीतल्या आठ जणींच्या मनात आले आहे. भावगीतांची मैफल, मसाला दूध, बायकांनी घरी केलेल्या पदार्थांचे स्टॉल आणि शेवटी लकी ड्रॉ, अशी साधारण कल्पना आहे. सभागृहाचे भाडे १८,०००, ध्वनिव्यवस्था ९,०००, कलाकारांचे मानधन आणि प्रवास १२,०००, दूध आणि खाणे १५,०००, छपाई ४,००० असा ५८,००० रुपयांचा अंदाज निघाला आहे. २०० रुपयांची ३०० तिकिटे खपली आणि वर ४०,००० रुपयांच्या देणग्या मिळाल्या, तर एक लाख रुपये जमतील.

यापूर्वी मी असे काही केलेले नाही, म्हणून काही गोष्टी विचारते. पैसे कोणाच्या खात्यात घ्यावेत? माझ्या नावाने वेगळे बचत खाते उघडून त्याचा क्यूआर कोड वाटला तर सोपे पडेल, असे मैत्रिणींचे म्हणणे आहे. परवानग्या कोणत्या लागतात? माझा भाऊ अमेरिकेत असतो आणि त्याला व त्याच्या मित्रांना मदत करायची आहे, ती कशी घ्यावी? भाच्याचा फोटो पत्रकावर छापावा का? पुण्याची नणंद म्हणते की, धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतल्याशिवाय एक रुपयाही गोळा करू नका. इथे तसे काही आहे का?

जमाखर्च (लोकमान्यनगर, इंदूर)

ताई, तुमच्या प्रश्नांत खात्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मी बँकेतून निवृत्त झालो असून आमच्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब वीस वर्षे लिहिला आहे, म्हणून आधी त्यावर सविस्तर लिहितो.

स्वतःच्या नावाचे खाते कृपया वापरू नका. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम मोबदल्याशिवाय तुमच्या खात्यात आली, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने ती संपूर्ण रक्कम तुमचे उत्पन्न समजली जाऊ शकते आणि ती मुलांसाठी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय तुमच्या खात्यात आलेल्या पैशाची करसवलतीची पावती संस्था देणगीदाराला देऊ शकत नाही, कारण तिच्या वहीत देणगीदार तो नसतो, तुम्ही असता. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा घ्या आणि तो फलकावर लावण्याआधी स्वतः स्कॅन करून पडद्यावर संस्थेचे पूर्ण नाव येते की नाही ते पाहा. कार्यक्रमाच्या दिवशी मधूनमधूनही पाहा, कारण फलकावरच्या कोडवर दुसरा कोड चिकटवण्याचे प्रकार होतात.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका आजारी मुलासाठी आमच्या मंडळाने पैसे जमवले आणि घाई होती म्हणून ते माझ्या खात्यात घेतले. मूल बरे होऊन घरी आले, रुग्णालयाचे बिल चुकते झाले आणि ३१,००० रुपये उरले. ते कुटुंबाला द्यायचे, दुसऱ्या रुग्णाला द्यायचे की देणाऱ्यांना परत करायचे, हे आधी कुणीच ठरवले नव्हते. पाच महिने ते पैसे माझ्या खात्यात पडून होते आणि त्या पाच महिन्यांत मंडळात असे दोन तट पडले की, पुढच्या वर्षी गणपतीच्या आरतीलाही काही घरे आली नाहीत. कुणी एक पैसा खाल्ला नव्हता. फक्त आधी लिहून ठेवले नव्हते.

म्हणून सभागृह पाहण्याआधी संस्थेच्या कार्यालयात जा. तिचे नोंदणीपत्र, बारा-ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी प्राप्तिकराची प्रमाणपत्रे (पहिले संस्थेच्या स्वतःच्या करमाफीचे, दुसरे देणगीदाराच्या करसवलतीचे) आणि त्यांची मुदत पाहून घ्या. चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही, उलट तिला बरे वाटते. मग तिच्याकडून एक पत्र घ्या. कार्यक्रम तुम्ही करत आहात आणि त्यात संस्थेचे नाव वापरायला तिची संमती आहे, निधी कोणत्या कामासाठी आहे, त्या कामातून पैसे उरले तर ते कशाला वापरले जातील, पावतीपुस्तके कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत तुमच्या ताब्यात दिली आहेत आणि ती परत कधी करायची, एवढे त्यात असले की पुढची भांडणे टळतात.

करसवलतीबद्दल स्टॉलवरच्या प्रत्येक बाईला तीन गोष्टी पाठ असाव्यात. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर तिच्यावर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम ऑनलाइन किंवा धनादेशानेच घ्यावी. नव्या करप्रणालीत विवरण भरणाऱ्याला ही सवलत मिळतच नाही, तेव्हा "सगळ्यांचा टॅक्स वाचेल" असे सरसकट सांगू नये. आणि सवलत हवी असणाऱ्याचे नाव, पत्ता व पॅन पावतीवर हवाच, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेला देणगीदारांची यादी प्राप्तिकर विभागाकडे द्यावी लागते आणि त्यावरूनच देणगीदाराचे प्रमाणपत्र निघते. तिकिटाचे पैसे मात्र देणगीत धरू नका. माणसाने २०० रुपये देऊन गाणे ऐकले, तर ते त्या गाण्याचे मोल झाले.

दानपेटी ठेवायला हरकत नाही, पण सगळा भर तिच्यावर देऊ नका. देणाऱ्याचे नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर धर्मादाय संस्थेला त्या जादा रकमेवर ३० टक्के कर भरावा लागतो.

तुमच्या नणंदेचे म्हणणे महाराष्ट्रापुरते योग्य आहे. धर्मादाय आयुक्तांची व्यवस्था तिकडची आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात सार्वजनिक न्यासांसाठी १९५१ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात निबंधकाचे काम कलेक्टर पाहतात. संस्था सोसायटी म्हणून नोंदलेली असेल तर तिला १९७३ चा सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम लागू होतो. संस्थेचे कागद नीट असतील आणि पैसा थेट तिच्याच खात्यात जात असेल, तर तुमच्या डोक्यावरचा बराच भार उतरतो.

आता अंदाजपत्रकाबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एक लाख जमणार आणि ५८,००० खर्च होणार, म्हणजे शंभर रुपये देणाऱ्याचे ४२ रुपयेच मुलांपर्यंत पोहोचणार. तिकिटे ३०० ऐवजी १५० खपली, तर जमलेल्या ७०,००० मधून मुलांच्या हाती १२,००० येतील. एवढ्या धावपळीपेक्षा तुम्ही आठ जणींनी प्रत्येकी दीड हजार रुपये संस्थेला नेऊन दिले तरी तेवढेच होतील. खर्च आधी प्रायोजकांकडून किंवा आपापल्या घरातून पूर्ण काढा आणि तो काढता येत नसेल तर कार्यक्रम लहान करा. लोकांनी मुलांसाठी दिलेल्या पैशातून मांडववाल्याचे बिल भागवू नये, एवढे पथ्य पाळाच.

लेकीचा बाबा (राजेंद्रनगर, इंदूर)

ताई, माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे आणि आठ महिन्यांची असल्यापासून रक्तावर आहे. त्या दुसऱ्या आईचे वाक्य वाचून मी काही वेळ थांबलो. अशी वाक्ये मीही ऐकली आहेत.

कार्यक्रमात लोकांना काय सांगायचे यावर थोडे लिहितो, कारण बहुतेकांना वाटते की रक्त मिळाले म्हणजे मूल निभावले. रक्ताच्या एका पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे जवळजवळ नाही. रोज एक-दोन मिलिग्रॅम इतकेच काय ते जाते. उरलेले लोह यकृतात, हृदयात आणि वाढीच्या ग्रंथींत साठत राहते. म्हणून रक्त हे अर्धे औषध आहे आणि लोह उतरवणारी गोळी हे उरलेले अर्धे. ती रोज आणि वजनाप्रमाणे घ्यावी लागते. मूल वाढते तशी मात्रा वाढते आणि खर्चही वाढतो. माझ्या मुलीला लहानपणी काही महिने इंजेक्शनचा पंप लावत असू. पोटाच्या कातडीत बारीक सुई, तिला जोडलेली नळी आणि उशीजवळ पंप, असे आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री. ती कूस बदलताना झोपेतच एका हाताने नळी सांभाळायची. गोळ्या सुरू झाल्या त्या रात्री ती पालथी झोपली.

त्यामुळे माझी पहिली विनंती अशी की, संस्थेला "आम्ही एक लाख देतो" असे सांगण्याआधी "तुम्हाला नेमके काय कमी पडते" हे विचारा. कुठे गोळ्या कमी पडत असतील, कुठे रक्त चढवताना पांढऱ्या पेशी गाळणारे फिल्टर, कुठे शरीरातला लोहसाठा दाखवणाऱ्या फेरिटिनच्या तपासणीचा खर्च. आजार मुळातून बरा करू शकणाऱ्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी निधी गोळा करण्याचा मोह होतो, कारण ते ऐकायला मोठे वाटते. परंतु ज्या मुलाला जुळणारा दाता मिळतो आणि जे निकषांत बसते, त्याच्यासाठी कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत १० लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. रोजच्या गोळीची मात्र ओढाताण असते, आणि तिच्यासाठी कुणी मैफल भरवत नाही. म्हणून तुमची कल्पना मला फार मोलाची वाटते. पत्रकावरही "मुलांचे प्राण वाचवा" असे न लिहिता एका मुलाच्या एका महिन्याच्या गोळ्यांना किती रुपये लागतात तो आकडा संस्थेकडून घेऊन छापा. वाचणाऱ्याला मग आपण एक महिना देऊ शकतो की तीन, हे स्वतःशी ठरवता येते.

दुसरी विनंती फोटोची. छापू नका, आणि मुलांना मंचावरही बोलावू नका. एका कार्यक्रमात माझ्या मुलीला वयाच्या सातव्या वर्षी मंचावर उभे करून तिचा आजार वर्णन केला गेला. लोकांचे डोळे पाणावले, देणग्याही चांगल्या आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलीने तिच्या डब्यातले खायला नकार दिला. हा आजार संसर्गाने होत नाही, आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक या प्रमाणात तो मुलात उतरतो, हे नंतर आम्ही वर्गात जाऊन सांगितले. पण ते मंचावर आधी सांगायला हवे होते. तुमचा भाचा नऊ वर्षांचा आहे. उद्या तो अठरा वर्षांचा होईल आणि फोटो तोवर लोकांच्या फोनमध्ये फिरत राहील. त्याला तबला वाजवता येत असेल तर जरूर मंचावर बसवा, आजाराचे नाव न घेता. बोलायचे ते तुम्ही बोला. पेल्यातल्या गोळीची गोष्ट तुम्ही इथे सांगितली तशीच सांगितली तरी पुरे आहे.

तिसरी गोष्ट रक्तदानाची. कुणीतरी सुचवेलच की, त्याच दिवशी शिबिरही घ्या. कोजागरीच्या रात्री ते नको. शिबिर परवानाधारक रक्तपेढीनेच घ्यायचे असते, तिला जागा आणि वेळ लागतो. दाता १८ ते ६५ वर्षांचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ हिमोग्लोबिन असलेला हवा, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत ९० व स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस झालेले हवेत. शिवाय आमच्या मुलांना रक्ताची चणचण भासते ती उन्हाळ्यात, जेव्हा महाविद्यालये बंद असतात आणि शिबिरे होत नाहीत. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन असतो. कोजागरीला लोकांची नावे, रक्तगट आणि फोन एका वहीत लिहून घ्या आणि शिबिर मे महिन्यात सकाळच्या थंड वेळात ठेवा. त्या वहीचा उपयोग कदाचित जमलेल्या पैशापेक्षाही अधिक होईल.

पडद्यामागचा (रामबाग, इंदूर)

मी हौशी नाटकांचे आणि गाण्यांच्या कार्यक्रमांचे व्यवस्थापन बरीच वर्षे करतो आहे. जमाखर्च काकांचे खर्चाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण एक बाजू राहून जाऊ नये असे वाटते. चांगल्या कार्यक्रमाला आलेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो आणि नुसते पत्रक वाचून पैसे देणारा बहुधा एकदाच देतो. म्हणून मैफल रद्द करू नका. तिचे स्वरूप बदला.

तिकीट लावणार असाल तर ते ५०० रुपयांपर्यंत असल्यास गाण्याच्या कार्यक्रमावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे त्या बाजूची चिंता नाही. अडचण गाण्यांच्या हक्कांची आहे. हौशी मंडळींनी पैसे न घेतलेल्या श्रोत्यांसमोर गाणी सादर केली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. तिकीट लावले, किंवा मानधन घेणारे कलाकार आणले, की ती सूट हातची जाते आणि हक्कधारकांच्या संस्थेकडून परवाना घ्यावा लागतो. कराओकेच्या मुद्रित ट्रॅकवर गायचे ठरवले तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा प्रश्न वेगळा येतो. तेव्हा प्रवेश विनामूल्य ठेवा, इंदूरच्याच हौशी गायकांना बोलवा आणि साथीला पेटी-तबला घ्या. लता मंगेशकर यांचा जन्म ज्या शहरात १९२९ मध्ये झाला, तिथे विनामानधन गाणारे चार चांगले गळे न मिळण्याचे काहीच कारण नाही. तिकीट गेले की मानधनही जाईल आणि काकांच्या हिशेबातली निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

लकी ड्रॉ मात्र पूर्णपणे सोडून द्या. पैसे घेऊन तिकीट द्यायचे आणि चिठ्ठी काढून बक्षीस द्यायचे, हे कायद्याच्या नजरेत लॉटरी ठरते आणि ती शासनाच्या परवानगीवाचून काढता येत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी त्यात सूट नाही. त्याऐवजी लिलाव करा. गणपती विसर्जनाच्या वेळी नारळाचा लिलाव होतो हे सर्वांना ठाऊक आहे, तसाच एखाद्या आजीने हाताने शिवलेल्या गोधडीचा करा. आमच्याकडे एकदा तसे झाले होते, आणि त्या अर्ध्या तासात जेवढे जमले तेवढे उरलेल्या संध्याकाळीत जमले नाही.

ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी आठ-दहा दिवस आधी घ्या आणि वेळेचे भान ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्यात कोजागरी आहे असे गृहीत धरू नका. चंद्र डोक्यावर यायला मध्यरात्र होते आणि दूध तोवर चांदण्यात ठेवायचे असते, म्हणून सात वाजता सुरू करून पावणेदहाला माईक बंद करा. पुढे माईकशिवाय भजन किंवा गप्पा कितीही चालू द्या. खरे सांगायचे तर त्याच वेळी लोक शेजारी बसतात, विचारपूस करतात आणि खिशात हात घालतात.

स्टॉलवर पदार्थ विकणाऱ्याकडे अन्न सुरक्षेची नोंदणी असावी लागते, म्हणून नोंदणी असलेल्या एकाच केटररकडून करून घेणे सोयीचे पडते. दुधात बदाम-पिस्ते असतात हे पातेल्याशेजारी पाटीवर लिहा. माणशी २०० मिलिलिटर धरले तर १५० जणांना ३० लिटर दूध पुरते. कागदी पेले टाळून स्टीलचे आणा, म्हणजे कचरा उचलण्यावरून नगर निगमशी वाद होणार नाही.

मावशी, सुदामानगर

तिघांचेही मनापासून आभार. काकांचा ४२ रुपयांचा हिशेब मी भिशीत वाचून दाखवला, तेव्हा क्षणभर कुणी बोलले नाही आणि मग सभागृह नको, हे सगळ्यांनीच एकदम म्हटले. लेकीच्या बाबांचे उत्तर बहिणीला वाचायला दिले. तिने फोटोबद्दलचा भाग दोनदा वाचला आणि "बरे झाले विचारलेस" एवढेच म्हणाली. भाऊ मात्र रोज विचारतो आहे की, पैसे कुठे पाठवू. त्याच्याकडे अजून भारताचाच पासपोर्ट आहे, पण त्याच्या मित्रांपैकी तिघांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे. सगळे मिळून एकत्र पाठवतील असे त्याचे म्हणणे आहे.

जमाखर्च

एकत्र अजिबात नको. तुमचा भाऊ भारताचा नागरिक आहे, म्हणून त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही आणि ती संस्थेच्या नेहमीच्या खात्यात घेता येते. संस्थेने त्याच्या पासपोर्टची प्रत फाईलला लावून ठेवावी. नागरिकत्व बदललेल्या मित्रांचे पैसे मात्र, ते मूळचे इंदूरचे असले आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही, परदेशी देणगीच समजले जातात. ते घेण्यासाठी संस्थेकडे २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरावीक खात्यातच यावी लागते. संस्थेकडे ही नोंदणी नसेल तर मित्रांना प्रेमाने नाही म्हणा. भावाच्या नावावर त्यांचे पैसे मिसळून पाठवले आणि पुढे ते उघड झाले, तर त्रास संस्थेला होईल आणि तो त्या मुलांपर्यंत जाईल.

रोख मोजण्याबद्दलही आताच सांगून ठेवतो. पेटी त्याच रात्री, तिथेच, सतरंजीवर उघडा. दोन जणींनी मोजायचे, तिसरीने लिहायचे आणि संस्थेच्या माणसाने समोर बसायचे. पाचशेच्या किती, शंभरच्या किती, दहाच्या किती, अशी नोटांची फोड कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडताच भरणा करा. त्या रोखीतून रिक्षाचे भाडेसुद्धा देऊ नका. ते खर्चाच्या वेगळ्या पाकिटातून द्या. पंधरा दिवसांच्या आत जमाखर्चाचा एक पानी कागद ज्यांनी ज्यांनी दिले त्या सर्वांना पाठवा, दहा रुपये देणाऱ्यालाही.

मावशी, सुदामानगर

ठरले ते कळवते. कार्यक्रम आमच्या वसाहतीतल्या देवळाच्या पटांगणात होईल आणि विश्वस्तांनी जागा विनामूल्य दिली आहे. प्रवेश सर्वांना खुला आहे. दूध, ध्वनिव्यवस्था आणि छपाई मिळून १३,५०० रुपयांचा खर्च आम्ही आठ घरांनी आजच वेगळ्या पाकिटात जमा केला. गाणाऱ्या चौघी वसाहतीतल्याच आहेत. एका आजींनी गोधडी द्यायचे कबूल केले असून ती अजून अर्धीच शिवून झाली आहे. भावाच्या मित्रांना मी स्वतः फोन करून कारण सांगितले आणि त्यांनी ते समजून घेतले.

संस्थेच्या कार्यालयात काल जाऊन आले. कागद दाखवताना त्यांनी काही कुरकुर केली नाही, पत्रही दोन दिवसांत मिळेल. कमी काय पडते असे विचारल्यावर त्यांनी कपाटातून एक वही काढली. त्यात गोळ्या अपुऱ्या पडणाऱ्या अकरा मुलांची यादी होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे वजन, रोजची मात्रा आणि महिन्यातले किती दिवस भागते ते लिहिले होते. अकराही मुलांचे उरलेले दिवस वर्षभर भरून काढायचे, हेच उद्दिष्ट आम्ही पत्रकावर छापणार आहोत.

त्या यादीत मी शेजारच्या खाटेवरच्या मुलीचे नाव शोधले. ते नव्हते. तिच्या आईला ही संस्था आहे हेच बहुधा माहीत नसावे. येत्या मंगळवारी भाच्याची पाळी आहे आणि त्या दोघीही त्याच दिवशी येतात. संस्थेचा नोंदणी अर्ज मी कालच मागून आणला आहे. रक्त चढत असताना तिच्याशेजारी बसून तो भरून घेईन.